सहावा हात

"पाचच फासे कायले घेतले?" निकेशने कॅरम बोर्डावर तळहात ठेवून धनंजयचा डाव अडवला. "तुह्या गड्याले हात तं सहा आहेत."

"एक रिकामा आहे," धनंजय म्हणाला.

"काहून?"

"असू दे ना बे."

लाखांदूरला निकेशच्या कृषी केंद्रामागच्या खोलीत रविवारी दुपारी हा खेळ चाले. त्याची मामेबहीण डिंपल गोष्ट सांगायची, राक्षस उभे करायची. दोघे मित्र आपापला गडी घेऊन गोष्टीत उतरायचे आणि पुढचं फासे ठरवायचे. धनंजयचा होता सहा हातांचा योद्धा. ज्या हातात शस्त्र, त्या हाताचा फेरीला एक वार, म्हणजे एक फासा. निकेशचा तिरंदाज. बिचाऱ्याला पोहता येत नव्हतं, पण निकेशने दोन वर्षं त्याला पोटच्या पोरासारखा जपला होता. गड्याचा जीव म्हणजे समोर मांडलेले धानाचे दाणे. दाणे संपले की गड्याचा कागद ज्याचा त्याने फाडायचा. मेलेला गडी परत येत नसे.

आज झुलता पूल होता, खाली नदी, पुलावर राक्षस आणि पलीकडे हिऱ्याची पेटी. जो आधी उचलेल त्याची पेटी. निकेशच्या मनात पाल चुकचुकली. शस्त्रांचा ढीग पडलेला असताना हात मोकळा ठेवणारा माणूस साधा नसतो. शाळेपासूनचा मित्र म्हणून काय झालं? न बोलणाऱ्याच्या पोटात काय आहे, हे कोणाला कळलंय?

"त्या हातात कोयता दे," तो म्हणाला. "सहा वार पाहिजेत. नाई तं मी पुलावर पायच ठेवत नाई."

धनंजयने डिंपलकडे पाहिलं.

"माह्याकडे कायले पाहून राहिले, भाऊ? तुमचं तुम्ही ठरवा."

त्याने पेन्सिलीने कोयता लिहिला आणि सहा फासे टाकले. सहावा वार वर्मी बसला. राक्षस कोसळला, पण पुलाचा एक दोर घेऊनच. निकेश थांबला नाही.

"मी पेटीकडे धावतो!"

"फळ्या हलून राहिल्या, दादा. फासा टाक."

एक पडला.

"घसरला. खाली चालला," डिंपल म्हणाली. "धनंजयभाऊ, तुमचा गडी बाजूलेच आहे. धरता का?"

धनंजयचा हात फाशांकडे गेला आणि तिथेच थांबला.

"हात भरले आहेत."

"कोयता फेक ना बे!" निकेश ओरडला.

"फेकण्यात फेरी जाते, दादा," डिंपल हळूच म्हणाली. नियम तिघांनी मिळूनच केला होता. तिने निकेशसमोरचे दाणे गोळा करून वाटीत टाकले.

निकेशने कागद फाडला. खेळच तो, पण तुकडे त्याने फेकले नाहीत, खिशात ठेवले. समोर धनंजय मान खाली घालून कोयता खोडत होता.

"आता कायले खोडून राहिला?"

"तू नवा गडी आणशीनच ना," धनंजयने खोडरबराचा चुरा फुंकला. "त्यालेही पोहता नाई आलं तं?"