पलीकडचा खांब

वस्तीच्या मधोमध राज्याची हद्द गेली होती. गिरणीवाल्या वहिनीची पिठाची गिरणी अलीकडच्या राज्यात आणि तिला वीज देणारा खांब रस्ता ओलांडला की पलीकडच्या. खांबावरची तार जळाली आणि गिरणी मुकी झाली. दळणाचे डबे भिंतीलगत तसेच. गिऱ्हाइकं रोज येऊन झाकण उघडून बघायची, जणू दाणे आपणहून पीठ होणार होते.

"खांब आमचा, पण गिऱ्हाईक त्यांचं," पलीकडचा वायरमन म्हणायचा. "गिऱ्हाईक आमचं, पण खांब त्यांचा," अलीकडचा. शेवटी वहिनीने अलीकडच्या ऑफिसात साहेबापुढे बैठक मारली आणि उठायचं नाव घेईना, तेव्हा कुठे साहेबाच्या तोंडून "पाठवतो माणूस" निघालं.

आता या वस्तीची एक जुनी खोड. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस दिसला की आधी विचारायचं, "कुठून आलात?" तो अलीकडचा निघाला की आपण पलीकडचे, आणि उलट. घरपट्टी, दंड, जनावरांची मोजणी, सगळ्यातून सुटका.

माणूस आला तेव्हा वहिनी न्हाणीत, डोक्याला साबण. दारात धाकटा दीर.

"कुठून आलात?" दिराचा आवाज आला.

"अलीकडच्या ऑफिसातून. हे घर आमच्याकडेच ना?"

"छे हो! आम्ही पलीकडचे. पिढ्यान् पिढ्या."

"भाऊजी!" वहिनी आतून किंचाळली. "अहो, वायरमन आहे तो! धरा त्याला!"

कशीबशी साडी गुंडाळून, साबणाच्या डोक्याने ती बाहेर आली तोवर माणूस गेला होता.

"शिडी कुठे होती त्याच्याकडे?" दीर उलट तिलाच विचारू लागला. "मला वाटलं, घरपट्टीवाला."

शिडी कोपऱ्यावरच्या जीपवर होती. वहिनीने पळत जाऊन तिचं टोक धरलं.

"मी अलीकडची आहे! या घराची मालकीण मी!"

"बाई, मी चार घरी विचारलं. चौघांनी तेच सांगितलं. आता एकट्या तुमचं ऐकू?"

वहिनीने शिडी खाली ओढली.

"अहो, सरकारी माल आहे तो!"

"कोणत्या सरकारचा? तार जोडा, मग घेऊन जा."

"साहेबालाच सांगतो," म्हणत तो जीप घेऊन निघून गेला. वहिनीने दिराच्या खांद्यावर शिडी देऊन ती खांबाला टेकवली. म्हटलं, शिडीसाठी तरी कुणी येईल.

आणि दुसऱ्या दिवशी खरंच आला, पलीकडचा वायरमन, न बोलावता! वहिनीचा जीव भांड्यात पडला. पण गडी तारेकडे बघेचना.

"आमच्या खांबाला परक्या राज्याची शिडी? तक्रार आली आहे. काढा आधी."

"काढते हो दादा! पण आलाच आहात तर चढा की वर. दोन मिनिटांचं काम."

"चढू कसा? शिडी आमची नाही."

वहिनीला हसावं की त्याला शिडीलाच बांधून ठेवावं, कळेना. ती मागे वळली. भिंतीलगतचे डबे निम्मे झाले होते. उरलेल्यातला एक दीर सायकलला बांधत होता.

"कुठे निघालात भाऊजी?"

"मास्तरांचं दळण. बाजारातल्या गिरणीवर पोचवतो. त्यांना किती दिवस ताटकळत ठेवायचं, वहिनी? आपल्या गिरणीचं नाव खराब होतं."