घोळीवरचं फुलपाखरू

"काका, हे दोन्ही तं सारखेच दिसून राह्यले," चैतराम म्हणाला.

राजेगावच्या नाक्यावर, शीलाबाईच्या चहाटपरीमागच्या रुईवर दोन नारिंगी फुलपाखरं तरंगत होती. कार्तिकातलं कोवळं ऊन. झोपेत चालल्यासारखी त्यांची चाल.

"खालचा पंख पाह्य," मी म्हटलं. "ज्याले तीन-चार काळे ठिपके हायेत, थे रुई खाऊन वाढते. अंगात कडू जहर. पाखरू एकदा चाखते अन् जल्मभर नाव घेत नाही. अन् हे एका ठिपक्याचं, तुह्या घोळीच्या भाजीवर वाढते. आत काईच कडू नाही. वरून निस्तं सोंग."

चैतराम नदीकाठची भाजी विकायचा. टपरीकडे बघत हळूच म्हणाला, "मंग बाई कोणती असंन?"

शीलाबाईच्या शिवीनं एकदा उभ्या ट्रकचा टायर बसला होता. माझ्या डोळ्यांदेखत, हवा थेट गोंदियाकडे निघून गेली. म्हणूनच नवरा वारल्यावर त्या रहदारीत ती एकटी निभावून होती. चैतरामही एकटाच. तिच्याशी पाट लावून पुन्हा संसार थाटायचं त्याच्या मनात होतं, पण जीभ रेटत नव्हती.

"चाखल्याबिगर कसं समजंन?" मी म्हटलं. काडी लावायला माझं काय जातं!

बाकावर ड्रायव्हर बसलेले. चैतरामनं अर्धा चहा घेतला, ग्लास खाली ठेवला. "शीलाबाई, पाट लावू. याल काय माह्या घरी?"

मी बाक घट्ट धरला. शिवी आलीच नाही. हातात गाळणी धरून ती नुसती उभी. डोळे भरलेले. दूध उतू चाललेलं. वाफेत तिचा चेहरा लाजऱ्या पोरीसारखा दिसायला लागला.

एक ड्रायव्हर रेलून बसला. "अरे वा! बाई तो मोम निकली!" अन् हसला. तसं त्या टपरीवर कधी कुणी हसलं नव्हतं.

चैतरामनं ते हसू पाहिलं. ताडकन उठून त्यानं दोन्ही कान झाकले. "बस, माय, बस! एवढी घाण शिवी? काहून रे, तुमाले आयकू नाही आली? कान जळला माहा!"

आणि चपला तिथंच टाकून पळाला.

ड्रायव्हरनं मान खाली घातली. संध्याकाळपर्यंत ती शिवी बालाघाटला पोचली; शंभर जणांनी ती स्वतःच्या कानांनी ऐकली होती.

सोंग उघडं पडू नये म्हणून चैतराम त्या दिवसापासून दुसऱ्या रस्त्यानं भाजी नेऊ लागला.

शीलाबाईनं टपरी बंद करताना सगळे ग्लास विसळले. त्याचा तेवढा राहू दिला. अर्धा चहा, वर बशी झाकलेली.