अक्कम्माचं पाऊल

"आता सही करताय, की पोरीला परत घेऊन जाताय?" डॉक्टरांनी विचारले. त्यांनी पुढे केलेले पेन गुरप्पा तेल्याने पाहिलेच नाही असे केले. मागच्या आठवड्यात हाच माणूस मान हलवून 'व्हय' म्हणून गेला होता. आज पोरगी सकाळपासून उपाशीपोटी खाटेवर पडली होती आणि हा बाबा दारातच घुटमळत होता.

अक्कम्मा पाच वर्षांची. उजव्या पोटरीतले बाहेरच्या बाजूचे हाड जन्मतःच नव्हते. पाय वीतभर आखूड, पाऊल बाहेर वळलेले, बोटे तीनच. घरचा घाणा असलेल्या माणसाला तेलाची काय कमी! गुरप्पाने तो पाय रोज सकाळी करडईच्या तेलाने चोळला. हाड वाढणार याची त्याला खात्री होती. खात्री कसली, वेडी आशाच ती. शेवटी या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला, तर हाडाच्या जागी काहीच नव्हते. पाऊल घोट्यातून काढले, तर खाली लाकडी पाय बसवता येईल आणि पोर चालेल, असे ते म्हणाले. गल्लीतल्या पोरी शाळेला निघाल्या, की अक्कम्मा उंबऱ्यावरून त्यांना हाका मारत बसे. ते ऐकून गुरप्पाचा जीव तुटायचा.

"तुमी आप्रेशन करा की साहेब, माजी ना न्हाय. पर ते काढल्यावर..."

"भूल देणार आहोत. तिला काही कळणार नाही."

"तसं न्हवं."

बायको शिवम्मा मागेच उभी होती. आता तिला राहवेना. "इचारा की! रातभर माजं डोस्कं खाल्लं, आन् हितं तोंड शिवलंय व्हय?"

"ते पाऊल..." गुरप्पा म्हणाला, "मागनं कुटं टाकता?"

"टाकत नाही. भट्टीत जाळतात."

गुरप्पाचा चेहरा पडला. तो लिंगायत. त्यांच्यात मेलेल्याला मातीत बसवतात, आगीत घालत नाहीत.

"आमच्यात जाळत न्हाईत, साहेब. मला द्या. मी पुरतो."

"अहो, पण ती जिवंत आहे!"

"व्हय की. म्हणूनच लई भ्या वाटतंय. पोर हितं, आन् तिचं पाऊल आगीत. माज्या मनाला कसं पटावं?"

शेजारी उभ्या असलेल्या सरोजिनी सिस्टर हळूच म्हणाल्या, "देऊ या ना, सर. मी नीट बांधून देते."

गुरप्पाने सही केली.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. "पोरगी ठीक आहे," म्हणाले. शिवम्मा खाटेपाशी बसली आणि गुरप्पा पांढऱ्या फडक्यातले गाठोडे छातीशी धरून टांग्यात चढला. एवढे जपून काय नेताय, असे टांगेवाल्याने विचारले.

"लेकीचं हाय," एवढेच तो म्हणाला.

मसणवटीत आपल्या आईच्या समाधीशेजारी त्याने स्वतःच खड्डा खणायला घेतला. कुत्री उकरतील या धास्तीने तो खणतच राहिला.

"आरं, एवढुशाला केवढा खड्डा!" बोलावून आणलेले जंगमस्वामी म्हणाले. असले काम त्यांनीही कधी केले नव्हते. त्यांनी गाठोड्याला विभूती लावली, वर बेलाचे पान ठेवले, मंत्र सुरू केला आणि अडखळले.

"नाव काय घिऊ रं?"

गुरप्पाने झटकन त्यांचा हात धरला.

"नाव नगा घिऊ, स्वामी. ती हाय."

स्वामींनी नाव न घेताच मंत्र पुरा केला. गुरप्पाने दोन्ही हातांनी माती लोटली, वर धोंडा ठेवला आणि हात न धुताच टांग्याकडे पळत सुटला. पोरगी शुद्धीवर यायची वेळ झाली होती.