जावईबापूंची कात

"आई, जावईबापू गेले."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. आई हात पुसत बाहेर आली. "काय सांगतेस! कालपर्यंत तर नांग्या उगारून माझ्यावर धावत होते."

जावईबापू म्हणजे काचेच्या टाकीतला क्रेफिश. अंग झिंग्याचं, नांग्या खेकड्याच्या, राहणं गोड्या पाण्यात. नाव बाबांनी ठेवलं होतं, कारण तो दिवसभर कोपऱ्यात बसून राही, वेळेवर खायला मागे आणि वर रुसूनही दाखवी. "लेकीच्या लग्नाचा पत्ता नाही आणि जावई आधीच घरात," असं आई म्हणाली की बाबांना कोण आनंद व्हायचा. बाबांना जाऊन अजून महिनाही झाला नव्हता. त्यांच्या मागे राहिलेला हा एवढासा जीव. तो तरी आपल्या हातून जाऊ नये, असं लेकीला फार वाटत होतं.

आणि आता तो तळाशी आडवा पडला होता. तिने त्याला जाळीने उचललं, नीट न बघताच कागदात गुंडाळलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. सकाळपासून तिचा आवराआवरीचा सपाटा चालला होता. बाबांचे कपडे पिशवीत भरून, गाठ मारून दाराशी ठेवले होते. हॉस्पिटलच्या प्लास्टरच्या खोलीत काम करताना ते जन्मभर घालत आले तो कोटही त्यातच होता, बाह्यांवर वाळलेल्या प्लास्टरच्या शिंतोड्यांसकट.

टाकीही रिकामी करावी म्हणून तिने बादली ओढली.

"थांब. त्या नळीत बघ."

मातीच्या नळीच्या तोंडाशी दोन मिशा हलत होत्या. आत कुणीतरी फिकट, मऊ, अंग चोरून बसलं होतं.

"कात टाकलीय त्यानं," आई म्हणाली. "तू काय उचललंस?"

"अगं, सगळा होता तो. डोळ्यांसकट!"

"डोळ्यांसकटच निघते ती. जड लागली का हाताला?"

नव्हती लागली.

आईने डब्यात हात घातला, कागद उलगडला आणि भाज्यांची सालं बाजूला करून ते पोकळ कवच नळाखाली धरलं. "हे खातो तो. यातला चुना पोटात गेला की नवं कवच घट्ट होतं."

"आणि तोवर?"

"तोवर पोटातले खडे. कात टाकायच्या आधीच जुन्या कवचातला थोडा चुना आत ओढून ठेवतो, पांढऱ्या गुंड्यांसारखे दोन खडे. कात पडली की ते विरघळतात. त्यानं तोंड आधी कडक होतं, म्हणजे बाकीचं खाता येतं. नुसत्या खड्यांवर नाही भागत बाई."

"तुला कसं ठाऊक? तू तर बाबांना म्हणायचीस, पुरे तुमचं पुराण."

"म्हणायचे. ऐकायचेही." आईने कवच अलगद पाण्यात सोडलं. "दुसरं बोलणं होतं कुठे त्यांच्याकडे? प्लास्टर, नाहीतर हा."

लेकीने नळी सरळ करायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस. आतलं अजून कच्चं आहे."

लहानपणी ती हॉस्पिटलच्या त्या प्लास्टरच्या खोलीत स्टुलावर बसून बघायची. बाबा कुणाच्या तरी पायाचं प्लास्टर कापत. आतून पांढुरका, बारीक झालेला पाय निघे, आणि बाबा नेमकं हेच सांगत, याच आवाजात.

ती दाराशी गेली. पिशवीची गाठ घट्ट बसली होती. शेवटी दातांनी सोडवावी लागली. कोट झटकून तिने जुन्या खुंटीला अडकवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कामावरून आली, तर खुंटी रिकामी होती. आई टाकीसमोर पाटावर बसली होती. थंडी नव्हती, तरी कोट अंगात होता आणि लांब बाह्यांत हात दिसत नव्हते. नळीतून एक फिकट नांगी बाहेर आली. त्या नांगीने कवचाची कड धरली, सोडली, पुन्हा धरली.

"सावकाश," आई त्याला म्हणाली. "कुणी नेत नाही."