आवळायचा राहिलेला नट

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे आणि मला बोलता येत नाही, याचं दुःख मला साठ वर्षांत एकदाच झालं. ते एकदाचं सांगून टाकावं म्हणून आज तोंड उघडते आहे. माझ्या बोलण्यात थोडा कडवटपणा येईल. सांभाळून घ्या किंवा घेऊ नका.

माझा जन्म एकोणीसशे सहासष्ट सालचा, मिशिगनमधल्या एका कारखान्यातला. दोन दारं, लांबलचक नाक आणि त्या नाकाखाली आठ सिलिंडरचं इंजिन. अशा गाड्यांना अमेरिकेत मसल कार म्हणतात, म्हणजे दंड थोपटणारी गाडी. ज्यांनी मला घडवलं त्यांनी पळायची ताकद सढळ हातानं दिली आणि थांबायच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतला. माझ्या चारही चाकांच्या ब्रेकना ऑइल पुरवणारी डबी एकच आहे. एका ठिकाणी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जातात. पुढं कंपन्यांनी तिचे दोन भाग करायला सुरुवात केली, पण तोवर मी रस्त्यावर आले होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती नंतर लागणार आहे.

माझा पहिला मालक टेक्सासचा. त्यानं मला रविवारी धुतलं, मैत्रिणींना माझ्यातून फिरवलं, मग त्यातल्याच एकीशी लग्न केलं आणि मुलं झाल्यावर चार दारांची गाडी घेतली. मी त्याच्या गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस वर्षं उभी होते. उंदरांनी माझ्या सीटमधला कापूस नेला आणि गांधीलमाश्यांनी सायलेन्सरमध्ये घर केलं. त्या काळात माझी चौकशी करायला दुसरं कोणी आलं नाही.

तिथून मला निमिषनं उचललं. निमिष मूळचा नागपूरचा, टेक्सासमधल्याच फ्रिस्को गावात राहतो, दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसतो. त्याचे वडील नागपुरात एका कारखान्यात फिटर होते. हाताला ग्रीस लागल्याशिवाय माणसाला झोप लागू नये, असं ते म्हणत, आणि निमिषच्या हाताला तर वीस वर्षांत शाईसुद्धा लागली नव्हती. त्यानं मला ट्रेलरवर घालून घरी आणलं तेव्हा त्याची बायको आश्लेषा ड्राइव्हवेवर उभी होती. ती म्हणाली, "हे नक्की चालणारं आहे ना, की फक्त ठेवायचंय?" तिची स्वतःची गाडी त्या दिवसापासून उन्हात उभी राहू लागली. मी गॅरेजमधली तिची जागा घेतली होती. त्याबद्दल ती मला कधी टोचून बोलली नाही, आणि तिनं कधी हातही लावला नाही.

हात लावला तो त्यांच्या मुलीनं. नेत्रा तेव्हा तेरा वर्षांची होती. बाप व्हिडिओ बघून बघून शिकायचा. मुलगी व्हिडिओ एकदाच बघायची, मग माझ्याखाली सरपटत जायची आणि तिथं जे प्रत्यक्षात आहे ते बघायची. निमिषला दिसणाऱ्या गोष्टींची हौस. त्यानं मला लालभडक रंग दिला, चकाकती चाकं बसवली, आवाज दुप्पट करणारा सायलेन्सर लावला. त्यावर कॉलनीच्या कमिटीचं तक्रारीचं पत्र आलं, ते त्यानं मेडलसारखं गॅरेजच्या भिंतीवर चिकटवलं. नेत्राला न दिसणाऱ्या गोष्टींची काळजी. गंजलेल्या नळ्या, कुजलेलं रबर, सैल झालेल्या वायरी. पुढं तिला त्या एका डबीच्या जागी दोन भागांची डबी बसवायची होती. "इंजिन मोठं केलंस ना, मग ब्रेक्स पण मोठे पाहिजेत, बाबा. इट्स जस्ट फेअर," असं ती म्हणायची. तो हसून म्हणायचा, "करू गं, आधी हेडलाइट्स येऊ देत."

चार वर्षांत असे कितीतरी शनिवार गेले. जेवायला बोलावलं तरी दोघं आत जायची नाहीत. मग आश्लेषा थालीपीठ गॅरेजच्या दारात आणून ठेवायची, आणि नेत्रा कोपरानं ताटली सरकवत, काळी बोटं न लावता दातांनीच तुकडा तोडायची. घरी कोणी आलं की निमिष आधी मला दाखवायचा आणि लगेच तिला. "ही माझी मेकॅनिक," म्हणायचा. ते ऐकून ती मान खाली घालायची, पण पाना जरा जास्त जोरात फिरवायची. मला सारं कळत होतं. ती मेकॅनिकल इंजिनिअरिंगला जाणार हे ठरलेलंच होतं, आणि कॉलेजच्या अर्जात तिनं निबंध लिहिला होता तो माझ्यावर.

मित्रांनो, इथवरचं आयुष्य चांगलं होतं. इथं थांबता आलं असतं तर मी आनंदानं थांबले असते. पण थांबणं मला येत नाही, हे मी सांगितलंच आहे.

त्या वर्षी दसरा गुरुवारी आला. फ्रिस्कोत गुरुवारी दसरा कोण करणार? ऑफिस असतं, शाळा असते. तिथं सगळे सण शनिवार-रविवारी सरकवतात. म्हणून बुधवारी होऊन गेलेली खंडेनवमी निमिषनं शनिवारी करायची ठरवली आणि दसरा रविवारी. रविवारी माझी पूजा, वीसेक माणसं जेवायला.

शनिवारी सकाळी नेत्रा माझ्याखाली होती. मागच्या चाकाकडं जाणारी ब्रेकची जुनी नळी तिनं काढून नवी बसवली होती. जोडावरचा नट बोटांनी फिरवून बसवला होता. आता तो पान्यानं आवळायचा आणि मग नळीतली हवा काढायची, एवढंच काम उरलं होतं. तिनं हात बाहेर काढून पाना चाचपला. पाना जागेवर नव्हता.

निमिष आंघोळ करून, कुर्ता घालून आला होता. त्यानं सगळी हत्यारं पुसून कामाच्या टेबलावर लाल कापडावर मांडली होती आणि एकेकाला हळदकुंकू लावत होता. मन लावून लावत होता, खोटं कशाला बोलू. आश्लेषा तेव्हा झेंडूची फुलं आणायला बाहेर गेली होती. गॅरेजमध्ये ती दोघं आणि मी.

"बाबा, वन मिनिट, तो छोटा पाना दे ना. नट इज ओन्ली फिंगर टाइट," नेत्रा माझ्याखालून म्हणाली.

"अगं, आज खंडेनवमी आहे. पूजा झाली. आज हत्यारांना हात नाही लावायचा."

"बट इट्स ब्रेक्स."

"माझे बाबा या दिवशी साधा स्क्रूड्रायव्हर उचलू द्यायचे नाहीत. एक दिवस हत्यारांना पण सुट्टी नको का? उद्या पूजा झाली की पहिलं तेच करू."

"उद्या चालवणार नाहीस ना?"

"छे. जागेवरच पूजा करायची. प्रॉमिस."

ती बाहेर आली. आजोबांचा नागपूरचा कारखाना तिनं कधी पाहिला नव्हता, पण बापाचा चेहरा पाहिला. तिनं वाद घातला नाही. रुंद टेपचा एक तुकडा फाडला, त्यावर मार्करनं मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'चालवू नका' असं लिहिलं आणि तो माझ्या स्टिअरिंगवर चिकटवला. मग ती हात धुवायला गेली.

सण तीन दिवस पुढं ढकलता येत होता. पाना अर्धा फेरा फिरवता येत नव्हता.

रविवारी लोक जमले. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. तेवढ्यात राजीवकाका म्हणाले, "अरे, लिंबं नुसती ठेवून काय उपयोग? चाकं वरून जायला हवीत. आणि एवढं इंजिन बनवलंयस, आवाज तरी ऐकू दे यार." राजीवकाका म्हणजे निमिषचे ऑफिसातले सीनियर. सगळे हसले. निमिष दार उघडून आत बसला. त्याला स्टिअरिंगवरची टेप दिसली. त्यानं ती सोलली, घडी केली आणि कुर्त्याच्या खिशात घातली. ब्रेकचं पेडल एकदा हलकेच दाबून पाहिलं. नटानं तेवढं सोसलं आणि निमिष समाधान पावला.

नेत्रा आत पुऱ्या वाढत होती. माझा आवाज ऐकताच ती तशीच धावत आली. तोपर्यंत मी लिंबांवरून उलटी मागं निघाले होते आणि रस्त्याच्या कडेला आश्लेषा फोनवर व्हिडिओ काढत उभी होती. निमिषनं पेडल जोरात दाबलं. नट सुटला. ऑइल भळभळा खाली गेलं आणि पेडल थेट जमिनीला टेकलं. मी थांबले नाही. मला थांबायचं होतं, मित्रांनो. आयुष्यात कधी नव्हतं इतकं थांबायचं होतं.

नेत्रानं आईला कमरेला धरून बाजूला ओढलं आणि दोघी रस्त्यावर पडल्या. मी समोरच्या घराच्या विटांच्या मेलबॉक्सवर, म्हणजे टपालपेटीवर, आदळले. माझी मागची बाजू चेपली. आश्लेषाचं मनगट मोडलं.

लोक धावत आले. राजीवकाकांनी विचारलं, "ब्रेक चेक नव्हते केले का रे?"

निमिष घाबरला होता, मला ते मान्य आहे. घाबरलेल्या माणसाला एक वाक्य माफ करता येतं. तो म्हणाला, "ब्रेकचं काम नेत्रानं केलं होतं. मला वाटलं, तिनं नीट केलं असेल."

नेत्रा रस्त्यावर आईचा हात मांडीवर घेऊन बसली होती. तिनं वर पाहिलं. "बाबा?" एवढंच म्हणाली.

तो खाली पडलेला झेंडूचा हार उचलायला वाकला. टेप त्याच्या खिशात होती.

शनिवारचं बोलणं मी ऐकलं होतं. दुसरं कोणीच नव्हतं तिथं. त्या क्षणी मला एक वाक्य बोलता आलं असतं, तर त्याच्या बदल्यात मी माझं इंजिन, रंग आणि ती चकाकती चाकं हसत दिली असती.

मला ढकलत गॅरेजमध्ये आणलं. दुसऱ्या दिवशी हाताला प्लॅस्टर घातलेली आश्लेषा दारात येऊन नेत्राला म्हणाली, "अगं, एवढी व्यवस्थित काम करतेस, आणि नट राहिला कसा तुझ्याकडून?" निमिष तिथंच मेलबॉक्सच्या उचलून आणलेल्या विटा रचत होता. नेत्रानं त्याच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "आस्क बाबा."

"अगं, लहान आहे ती. होतं असं," निमिष आश्लेषाला म्हणाला.

म्हणजे वर मोठेपणाही त्यालाच.

त्यानंतर नेत्रा गॅरेजमध्ये आली नाही. तिनं मेकॅनिकल इंजिनिअरिंग सोडून संख्याशास्त्र घेतलं आणि दूर कॅलिफोर्नियात शिकायला गेली. निमिषनं सगळी हत्यारं तशीच फळीवर ठेवून दिली. दोन दसरे गेले. दोन्ही दसऱ्यांना त्यानं माझ्या चेपलेल्या अंगाला हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि डोळे मिटून हात जोडले. माझ्याखाली वाकून मात्र एकदाही पाहिलं नाही.

शेवटी निमिषनं मला विकायला काढलं, आणि परवा मला घ्यायला वेस्ली नावाचा म्हातारा मेकॅनिक आला. टॉर्च घेऊन माझ्याखाली गेला. बाहेर येऊन निमिषला म्हणाला, की मागची नळी फार सुरेख वाकवली आहे, काम करणाऱ्याचा हात उत्तम आहे. फक्त शेवटचा नट कधी आवळलेलाच नाही. "जो एवढं नीट करतो, तो हे विसरत नाही. त्याला कोणीतरी मध्येच उठवलं असणार," असं तो म्हणाला, आणि त्यानं छोटा पाना मागितला.

निमिष जागचा हलला नाही. आश्लेषानंच फळीवरून पाना घेतला. ती या फळीपाशी पहिल्यांदाच आली होती. पान्यावर कुंकू वाळून काळपट झालं होतं. ज्या तोंडानं नट धरायचा, नेमकं तिथंच. तिनं तो हातात फिरवून पाहिला, वेस्लीला दिला. वेस्लीनं सुटलेला नट पुन्हा बसवून आवळला. बोटांनंतर पान्याचा अर्धा फेरा लागला. तुम्हाला शिंक यायला याहून जास्त वेळ लागतो.

"हा पाना पूजेत होता?" आश्लेषानं विचारलं.

"खंडेनवमी होती," निमिष म्हणाला.

"खंडेनवमी बुधवारीच होऊन गेली होती, निमिष."

तिनं तिथंच उभं राहून नेत्राला फोन लावला, आणि मनगट नीट वळत नाही म्हणून फोन स्पीकरवर करून माझ्या बॉनेटवर ठेवला.

"नेत्रा, तू पाना मागितला होतास ना? बाबानं नाही दिला."

"आय नो, आई. आय वॉज देअर."

"मग बोलली का नाहीस इतके दिवस?"

"बाबा सांगेल म्हणून वेट करत होते."

आश्लेषानं निमिषकडं पाहिलं. "तो इथंच आहे. ऐकतोय. अजून वेट करतेयस का गं?"

"नो," नेत्रा म्हणाली. "क्लास आहे, आई. बाय."

निमिष फोनकडं दोन पावलं आला होता. तोवर फोन बंद झाला होता.

मित्रांनो, आता मी वेस्लीच्या ट्रेलरवर आहे. माझ्या नाकावरचं फिकं होत आलेलं स्वस्तिक त्यानं पुसलेलं नाही, तो त्याला रंगाचा डाग समजतो. तुमच्या घरच्या गाड्यांची, सायकलींची, हत्यारांची पूजा जरूर करा, आम्हाला आवडते. पण आमचा नट सैल असेल तर आधी तो आवळा. देव थांबतो, आम्हाला थांबता येत नाही. आणि चूक तुमची असेल, तर पोर तुमच्याकडं बघत असतं तेव्हाच सांगा. ते फार दिवस बघत नाही.