तिच्या गाडीचं सील

गाडीखाली पुन्हा तेल सांडलेलं दिसलं तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, समोरच्या मेकॅनिककाकांना हाक मारू?"

"त्याचं नाव काढू नकोस," शिंपी म्हणाला. "तुझ्या आईची गाडी आहे. मी बघतो."

बायको होती तोवर त्याने या गाडीला हात लावला नव्हता. जरा खुट्ट वाजलं की ती गाडी घेऊन समोरच्या गॅरेजात जायची आणि हसत परत यायची. "एवढं हसायला काय झालं?" तो मशीनवरून विचारायचा. "तुम्हाला नाही कळायचं." आता ती गेली, पण ते हसू त्या गॅरेजवाल्याकडेच राहिलं, असं वाटून तो त्याच्यावर खार खाऊन होता.

गळती गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाशी होती. गाडी टेकूवर चढवून तो खाली सरपटला. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा सोडवून ओढला, तर तेल थेट कानात. तेल अडवणारं जुनं रबरी सील त्याने शिवण उसवावी तसं कडेकडेने सोडवलं, जागा पुसली आणि नवं सील लाकडी ठोकळ्याने सगळीकडून सारखं ठोकून बसवलं. दांडा जोडला, तेल भरलं, गाडी फाटकापर्यंत नेऊन आणली.

आधी ठिबकत होतं, आता धार लागली.

"मास्तर, उलटं बसवलंत," मघापासून फाटकातून बघत उभा असलेला मेकॅनिक म्हणाला. "गुळगुळीत बाजू बाहेर हवी."

"आम्ही सुलट बाजू आत ठेवूनच शिवतो."

"मग सदऱ्यासारखी गाडी पण उलटून घ्या! सरका, मी घालतो."

"हात लावायचा नाही."

"बरं बाबा. पण काढलेलं सील परत चालत नाही. दुसरं आणतो आणि नुसता दिवा धरतो."

दिवा मेकॅनिकने धरला, सील शिंप्यानेच बसवलं. या खेपेला गाडी फिरवून आणली तरी थेंब पडला नाही. पुन्हा खाली जाऊन त्याने बोट फिरवलं. कोरडं. पण जीव काही थंड होईना.

"तुझ्याकडे येऊन ती एवढं काय हसायची रे?" त्याने गाडीखालूनच विचारलं.

"वहिनी? तुमची नक्कल करायच्या. तोंडात टाचण्या धरून तुम्ही गिऱ्हाइकाशी भांडता ना, ती. गॅरेजातली पोरं लोळायची."

शिंप्याच्या मनात आलं, पोरासोरांना दाखवलं, आणि घरच्या माणसाला एकदाही नाही!

"करून दाखव."

मेकॅनिक वाकला आणि ओठ आवळून हुं हुं करत मान झटकू लागला.

"अशी नसेल करत. ती जास्त चांगली करत असेल."

"मग? त्यांची सर मला कुठून येणार?"

शिंप्याचा जळफळाट झाला. तरी तो दिव्याच्या उजेडात तसाच पडून राहिला.

"परत कर," तो म्हणाला. "आणि भांडताना काय म्हणायची, ते पण सांग."