उमूची खूण

आमच्या देशातलं सर्वांत उंच ठिकाण कोणतं, असं मी मुलांना विचारतो तेव्हा हुशार मुलं चर्चचं छप्पर म्हणतात आणि खोडकर मुलं नारळाच्या झाडाकडे बोट दाखवतात. दोघांचंही बरोबर आहे. टोकेलाऊत डोंगर नाही, नदी नाही. प्रवाळाच्या कडेवर मण्यांसारखी ओवलेली बेटं, मध्ये शांत हिरवं पाणी, आणि बाहेर पहिल्याच वल्ह्याला तळ दिसेनासा होणारा समुद्र. अशी तीन कडी मिळून आमचा देश होतो. त्यांतल्या आताफूवर मी चाळीस वर्षं शिकवलं. आता निवृत्त आहे, पण बुधवारी शाळा मुलांना माझ्याकडे पाठवते. मी त्यांना आतल्या पाण्याच्या काठावर नेतो आणि ओल्या वाळूत आमचं कडं मांडायला लावतो. पांढरे खडे म्हणजे बेटं, काटक्या म्हणजे झाडं.

त्या बुधवारी अकरा वर्षांच्या मेलेआनानं एक काळा दगड आणला आणि कड्याच्या बाहेर, भर समुद्रात ठेवला.

"हे काय गं?" मी विचारलं.

"डोंगर."

सगळी पोरं खो खो हसली. "समुद्रात डोंगर! वर चढायला शिडी लागते की गळ?" जाड्या सिओ म्हणाला.

"पाण्याखाली आहे," ती शांतपणे म्हणाली. "आजोबांचा आहे. उमू."

मी हसलो नाही. उमू म्हणजे जमिनीत खणलेली आमची चूल. तिच्या आजोबांच्या, लेपायोच्या, घराण्यानं समुद्राच्या तळाशी असलेल्या एका उंचवट्याला हे नाव दिलं होतं, कारण तिथं गेलेली होडी कधी रिकामी परतत नसे. पालू नावाचा तेलकट मासा फार खोल पाण्यात राहतो, आणि तो त्या उंचवट्यावर हमखास लागतो. उमू कुठं आहे ते त्या घराण्यात एका वेळी एकालाच ठाऊक असतं. सध्याचा तो एक जण म्हणजे लेपायो.

आणि लेपायोला उमू सापडत नव्हती.

त्याची मुलगी न्यूझीलंडमध्ये राहते. बापाच्या डोळ्यांवर तिथं उपचार करायचे, मग त्याला तिथंच ठेवून घ्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. आपिया बंदराहून येणारी बोट पुढच्या गुरुवारी त्याला नेणार होती. तो परत येईल असं कुणी बोलत नव्हतं, तोही नाही. जाण्याआधी उमू कुणाच्या तरी हाती द्यायची, एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती. म्हणून आधी जागा हुडकायला, वल्हवायला नि बघायला बहिणीचा मुलगा फेलेती याला घेऊन तो तीनदा बाहेर गेला, आणि तिन्ही वेळा गळाला काही न लागता परत आला. दोर सुटत सुटत संपायचा, तळ लागायचाच नाही. किनाऱ्यावरचे लोक चेष्टा करू लागले. "लेपायो, तुझा डोंगर आधीच्या बोटीनं न्यूझीलंडला गेला वाटतं! तिकीट काढलं होतं का त्यानं?"

लेपायो हसायचा, पण त्या दिवसांत त्याचं जेवण कमी झालं होतं. नीरफणसाचा अर्धा तुकडा तो मांजराला टाकायचा.

"मेलेआना," मी म्हटलं, "आजोबा तिथं कसे पोहोचतात, काही सांगतात का?"

"दोन खुणा आहेत. एक सांगितलीय. दुसरी होडीतच सांगणार म्हणाले." तिनं पूर्वेच्या लांबट बेटाच्या टोकाशी बोट टेकवलं. "या टोकाच्या डोक्यावर कानावाचा शेंडा उभा राहिला पाहिजे. नारळांच्या वर, एकटाच. त्यावर समुद्रपक्षी बसलेले असतात."

कानावाचं लाकूड आम्हाला सोन्यासारखं. होड्या त्याच्याच होतात, आणि गावच्या वडीलधाऱ्यांच्या पंचायतीनं परवानगी दिल्याशिवाय त्या झाडाला कुणी कुऱ्हाड लावत नाही. त्या बेटावरची कानावाची झाडं पोरं दर वर्षी मोजतात. मी नारळाच्या काथ्याची दोरी काढली. एक टोक काळ्या दगडावर धरायला सिओला सांगितलं, दोरी बेटाच्या टोकावरून ताणली आणि पुढं नेली. मुलांनी रोवलेल्या काटक्यांपैकी एकीलाही ती लागली नाही. एक काटकी डावीकडे राहिली, दोन उजवीकडे. दोरी मधल्या मोकळ्या वाळूवरून गेली.

"मास्तर," सिओ ओरडला, "तिथं तर आपली होडी उगवली होती!"

पोरं पुन्हा हसली. माझ्या मात्र हातातली दोरी ढिली पडली.

दोन वर्षांपूर्वी गावाला मोठी होडी हवी होती. पंचायतीत उठून झाड मागितलं ते लेपायोनंच. तोच बेटावर गेला, चारही झाडांखाली फिरला, बुंध्यांना मिठी मारून घेर पाहिला, बाक पाहिला, आणि तोडायला मधलं एक निवडलं. आयुष्यभर समुद्रातून त्यानं त्या झाडाचा शेंडा पाहिला होता. त्या दिवशी खालून बुंधा पाहिला. तो शेंडा आणि हा बुंधा एकाच झाडाचे, हे त्याच्या मनात आलंच नाही. त्यानंतर डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, आणि तो बाहेरच्या समुद्रात जायचा थांबला होता.

मी मेलेआनाला घेऊन त्याच्याकडे गेलो. लेपायो त्याच होडीच्या सावलीत बसून काथ्या वळत होता.

"कोण? पावलांवरून मास्तर वाटतोय. पाय ओढतोस हल्ली."

"तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे मी."

"म्हणून दोनच पाय ओढतोस. बस."

मी बसलो. कसं सांगावं याची मनात जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात मेलेआना म्हणाली, "आजोबा, उमूची खूण कापली गेली. तुम्ही टेकून बसलाय ना, ती."

लेपायोचा हात थांबला. त्यानं होडीच्या कडेवरून तळवा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. लाटा प्रवाळावर आपटत होत्या, तेवढाच आवाज.

"म्हणजे तीन वेळा मी खुणेच्या कुशीत बसून खूण शोधत होतो," तो शेवटी म्हणाला. "आणि बिचाऱ्या फेलेतीला शिव्या घातल्या. त्यानं एका ढगाला झाड समजून दाखवलं होतं, म्हणून."

"ढगाबद्दलच्या शिव्या त्याला लागू आहेत," मी म्हटलं.

तेव्हा तो हसला. मग डोळे पुसले. पाणी हसण्यानं आलं होतं की कसं, मी विचारलं नाही.

शनिवारी आम्ही बेटावर गेलो. तोडलेल्या खोडाच्या भोवती नवे कोंब फुटले होते, माझ्या गुडघ्याएवढे. मुलांनी त्यांना हात लावला नाही. शेजारी दोन लांब वासे एकाला एक बांधून उभे केले, टोकाला जुन्या शिडाचा तुकडा. झाडाएवढी उंची झाली नाही, पण नारळांच्या वर ते फडकं दिसत होतं.

सोमवारी दुपारी समुद्र निवलेला होता. पुढे फेलेती वल्हं घेऊन, त्याच्यामागे मी, मग मेलेआना, आणि मागे लेपायो. निघताना फेलेती कुरकुरला. "मामा, पालूच्या होडीत मुलगी? लोक काय म्हणतील?"

"ज्या वर्षी गुलामांचा व्यापार करणारी जहाजं आली," लेपायो म्हणाला, "त्या वर्षी या गावातले धडधाकट पुरुष पकडून नेले. कोण परत आलं? कुणी नाही. समुद्रातल्या किती जागा त्यांच्याबरोबर गेल्या, मोजदाद नाही. उमू का राहिली? माझ्या आजीची आजी तेव्हा एवढीशी होती, आणि तिच्या बापाचं ऐकायला घरात दुसरं कुणी जागं नसायचं म्हणून तो तिलाच सांगायचा. तिनं पुढं आपल्या मुलाला शिकवलं. लोकांना हे सांग. आणि आता गाणं म्हण."

"गाणं?"

"चर्चमधलं. मोठ्यानं. मास्तर, तूही. मला हिला दुसरी खूण सांगायचीय."

आम्ही दोघांनी जे काही गायलं ते देवानं माफ करावं. फेलेतीचा आवाज बोटीच्या भोंग्यासारखा, माझा फुटका. मागे कुजबुज चालली होती. एकदा मी श्वास घ्यायला थांबलो तर पाठीत लेपायोच्या वल्ह्याचा दांडा बसला. "गा!"

मग मेलेआनाचा आवाज आला, "थोडं पुढं. अजून. आजोबा, फडकं टोकावर आलं." आणि जरा वेळानं, "आणि ते पण आलं."

"नक्की?"

"नक्की."

"थांबवा."

लेपायोनं दगड बांधलेला गळ सोडला. दोर त्याच्या बोटांतून सरकत होता आणि तो वाव मोजत होता, पसरलेल्या दोन हातांएवढा एकेक. शंभर झाले, तळ नाही. एकशे चाळीस. एकशे पन्नास. दोर ढिला पडला.

तळ लागला होता.

त्यानं दोर मेलेआनाच्या हातात दिला. तिनं तो दोन बोटांवर धरला, त्यानं दाखवला असेल तसा, आणि वाट पाहिली. पहिला पालू वर आला तेव्हा फेलेती पुन्हा गाऊ लागला, या वेळी कुणी न सांगता.

मासे किनाऱ्यावर मांडले गेले आणि नेहमीसारखी वाटणी झाली, प्रत्येक घराला माणशी सारखी, आजाऱ्याला, तान्ह्यालाही. चेष्टा करणाऱ्यांनाही तेवढंच. "डोंगर परत आला का रे?" कुणीतरी म्हणालं. "आला," लेपायो म्हणाला, "तिकडे थंडी फार आहे म्हणाला."

गुरुवारी प्रवाळाच्या कडेवरून त्याला बोटीकडे नेणाऱ्या होडक्यात बसवलं. चढण्याआधी तो वाकला. मेलेआनानं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यानं मान डोलावली, पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं. मग तो सरळ झाला आणि गेला.

पुढच्या बुधवारी मुलांनी वाळूत कडं मांडलं. सिओनं कापलेल्या झाडाच्या जागी एक लहानशी काडी रोवली. "कोंब," तो म्हणाला. मी मेलेआनाकडे पाहिलं. काळा दगड तिच्या हातात होता.

"ठेवायचा नाही का?"

तिनं नकारार्थी मान हलवली. "ती जागा नकाशात नसते, मास्तर." आणि दगड खिशात टाकून ती पांढरे खडे वेचायला गेली.

चाळीस वर्षं मी मुलांना सगळं नकाशात दाखवायला शिकवलं. त्या दिवशी तिला पूर्ण गुण दिले.